वॉरंटीतला फ्रीज, टीव्ही, एसी बिघडला? या चुका टाळा, नाहीतर हक्क असूनही हात रिकामे राहतील

दसऱ्याला मुहूर्त बघून घेतलेला फ्रीज सहा महिन्यांत थंड करायचा थांबतो, किंवा वॉशिंग मशीन पाणी भरून नुसतं बसून राहतं, आणि मग टोलवाटोलवी सुरू होते. दुकानदार म्हणतो कंपनीला फोन करा, कंपनी म्हणते माणूस पाठवतो, माणूस येतो आणि सांगतो पार्ट मागवावा लागेल, आणि पार्ट काही येत नाही. खरं तर कायदा आपल्या बाजूने आहे आणि चांगला मजबूत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा आणि वर नुकसानभरपाई द्या, हे सगळं मागता येतं. पण ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय, निकाल देतो तो कागद बघून, आणि आपली माणसं नेमकी तिथेच कमी पडतात कारण सगळी तक्रार फोनवर आणि तोंडी झालेली असते. म्हणून मला कळकळीने सांगायचंय की वस्तू बिघडली त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट लेखी करा, बाकीचं सगळं त्यानंतर.

जॉब शीट न वाचता सही, आणि मागितला की लगेच ओटीपी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे म्हणून आधी हीच. जॉब शीट म्हणजे काय तपासलं, काय केलं हे लिहून टेक्निशियन ज्यावर तुमची सही घेतो तो कागद. टेक्निशियन येतो, मागचं झाकण उघडून बघतो, "आता ठीक आहे, वापरून बघा" म्हणतो आणि मोबाईलवर आलेला कोड मागतो, काही ठिकाणी त्याला हॅपी कोड म्हणतात. तो कोड दिला की कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमची तक्रार सुटली म्हणून बंद होते. आठवड्याने परत तोच प्रॉब्लेम आला की परत नवीन तक्रार नंबर, परत नवीन माणूस, परत कोड. शेवटी तुम्ही वैतागून आयोगात जाता तेव्हा कंपनीचा वकील रेकॉर्ड दाखवतो की ग्राहकाने प्रत्येक वेळी समाधानी असल्याचं कळवलंय.

आता हे इतकं महत्त्वाचं का, तर एकदा बिघाड झाला म्हणून आयोग लगेच नवी वस्तू द्या म्हणत नाही, दुरुस्ती होण्यासारखी असेल तर सहसा आधी दुरुस्तीच बघितली जाते. बदलून द्या किंवा पैसे परत करा ही मागणी जोर धरते ती तोच दोष दुरुस्तीनंतरही परत परत येतोय हे दिसलं की, आणि ते दाखवायला तुमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्या जॉब शीट. त्यामुळे शीटवर नुसतं "चेक केलं, ओके" असं लिहिलेलं असेल तर सही करू नका, तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "फ्रीजर चालतो पण खालचा कप्पा थंड होत नाही, हीच तक्रार तिसऱ्यांदा". कोड देण्याआधी मशीन तासभर चालवून बघा. टेक्निशियनवर चिडू नका, त्याच्यावर दिवसाला अमुक इतक्या तक्रारी बंद करायचं टेन्शन असतं, त्याला शांतपणे सांगा की काम झालं की कोड देतो. आणि तो सगळं टॅबवरच भरत असेल, कागद देतच नसेल, तर त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका: मॉडेल नंबर, सिरियल नंबर, आधीचे सगळे तक्रार नंबर, आज कोण आलं, काय म्हणालं. पाच ओळी पुरतात. सोबत व्हिडिओ, म्हणजे एरर कोड दाखवणारा डिस्प्ले किंवा आवाज करणारी मोटर.

बिल

"बिल नको असेल तर थोडे कमी करतो" ह्या वाक्याला बळी पडू नका, कारण पक्कं बिल नाही तर वॉरंटी कुठल्या तारखेपासून हेच सिद्ध करताना दमछाक होते. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा बिल मागताना संकोच कसला. बिलावर सिरियल नंबर आहे का बघा आणि घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते आणि वॉरंटी लागते तेव्हा हातात पांढरा कागद उरतो. बिल खरंच हरवलं असेल तर यूपीआयची नोंद, बँक स्टेटमेंट, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड हे गोळा करा, आणि दुकानदाराकडे डुप्लिकेट मागा, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद असते.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचून गप्प बसणं

पाटी लावली म्हणून सदोष मालाची जबाबदारी संपत नाही. दोष असलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे, बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. त्यामुळे नवीन वस्तू पहिल्याच महिन्यात बिघडली तर दुकानदाराला लेखी कळवायला एक दिवससुद्धा घालवू नका. मात्र रंग आवडला नाही, जागेत बसत नाही, ह्या कारणासाठी हा नियम नाहीये, तिथे दुकानाच्या पॉलिसीप्रमाणेच होतं.

ऑनलाइन घेतलं असेल तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बॉक्सवरचं लेबल दिसेल असा. रिप्लेसमेंटची मुदत पुष्कळदा सात-दहा दिवसांचीच असते, आणि "इन्स्टॉलेशनवाला आला की बघू" म्हणत ती निघून जाते, म्हणून बॉक्स फोडून वस्तू वरून तरी लगेच तपासा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते, त्यामुळे चॅटवर बॉटशी भांडत बसण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर लिहा.

"व्होल्टेजमुळे गेलंय, वॉरंटीत बसत नाही"

हे कारण कायम ऐकायला मिळतं, कधी खरं असतं कधी नुसतं ढकलून द्यायला. खरं असू शकतं म्हणून तक्रार नोंदवायच्या आधी आपल्या बाजूचं बघून घ्या: अर्थिंग आहे का, एसी किंवा गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच आहे ना, एक्स्टेंशन बोर्डवर जोडलेला नाही ना, पुस्तिकेत स्टॅबिलायझर सांगितला असेल तर तो लावलाय का. मग टेक्निशियनने व्होल्टेजचं कारण दिलं तर त्याला मीटर लावून रीडिंग घ्यायला सांगा आणि ते जॉब शीटवर लिहून घ्या, जळलेला पार्ट कुठला तेही. रीडिंग नीट आलं तर त्याचं कारण तिथेच कमजोर पडतं.

आणि खरोखरच लाइनमध्ये गडबड होऊन एकाच वेळी शेजारच्या चार घरांतल्या वस्तू गेल्या असतील तर मग मामला कंपनीचा नाही, वीज पुरवणाऱ्याचा आहे. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि वीजपुरवठा ही ग्राहक कायद्यातही सेवाच आहे.

"दहा वर्षं वॉरंटी" एवढंच वाचून घेणं

दहा वर्षं असतात ती बहुतेक वेळा फक्त कंप्रेसरची. गॅस, पीसीबी म्हणजे आतला सर्किट बोर्ड, फॅन मोटर, माणसाची व्हिजिट, हे पहिल्या वर्षानंतर तुमच्या खिशातून. गीझरची टाकी वेगळी, एलिमेंट वेगळं. इन्व्हर्टर बॅटरीला सुरुवातीचे काही महिने पूर्ण रिप्लेसमेंट आणि पुढे प्रो-राटा, म्हणजे नवीन बॅटरीवर नुसती सूट. एक्स्टेंडेड वॉरंटी तर बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची असते, तेव्हा ती घेताना क्लेम कोणाकडे करायचा हे विचारून लिहून घ्या.

अजून काही, जे पटकन सांगून टाकतो

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, खोट्या नंबरांचा सुळसुळाट आहे, बिलावरचा किंवा बॉक्सवरचा नंबर लावा, आणि कोणी ॲप डाउनलोड करा, दहा रुपये भरा म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

वॉरंटीत असताना ओळखीच्या मेकॅनिकला मशीन उघडायला देऊ नका, कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि भांडण चालू असताना जुनी वस्तू भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका, कारण दोष तपासायला आयोग वस्तू लॅबकडे पाठवू शकतो, वस्तूच नसेल तर काय तपासणार. गीझर फुटला, चार्जर पेटला, कोणाला इजा झाली, तर जळालेला प्लगसुद्धा फेकायचा नाही, फोटो, डॉक्टरचे कागद, अग्निशमन दलाचा दाखला सगळं जपायचं. इथे उत्पादन दायित्व नावाचं वेगळं प्रकरण कायद्यात आहे, आणि सदोष वस्तूमुळे इजा झाली तर वॉरंटी संपली होती एवढं बोलून उत्पादकाला हात झटकता येत नाहीत.

वस्तू बंद म्हणून ईएमआय थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, सिबिल तुमचा बिघडतो.

तक्रार करताना होणाऱ्या चुका

आधी कंपनी आणि दुकानदार दोघांना एकच ईमेल, १५ दिवसांची मुदत देऊन, आणि तेच पत्र स्पीड पोस्टने. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती मोफत आहे, बऱ्याच कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिथून नोंद गेली की फोन यायला लागतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे नुसतं वाट बघत राहणं धोक्याचं, कारण आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती आपोआप वाढत नाही.

जिल्हा आयोगाची लोकांना उगाच भीती वाटते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. तक्रार मराठीत लिहा. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे कंपनी गुरुग्रामची असली तरी साताऱ्याचा माणूस साताऱ्यात करू शकतो, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. दोन गोष्टी मात्र जपा. विरुद्ध पक्ष म्हणून उत्पादक, दुकानदार, ऑनलाइन असेल तर ती साइट, सगळ्यांची नावं घाला, एकालाच घातलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. आणि वस्तू तुमच्या टपरीसाठी, शिलाईच्या धंद्यासाठी घेतली असेल तर ती स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर व्यावसायिक वापर म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा येतो.

कायद्यात तीन महिन्यांत, आणि लॅब तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्यामुळे मध्येच मध्यस्थीचा पर्याय आला आणि रक्कम बरी असेल तर विचार करायला हरकत नाही, फक्त ठरलेलं लेखी आणि तारखेसकट घ्या. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मुदतीत कंपनीने पैसे दिले नाहीत तर फोन करत बसू नका, त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाका. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.