बोटीतून गार पाण्यात पडलात तर? पहिल्या मिनिटाची तयारी किनाऱ्यावरच करा

छान ऊन पडलंय म्हणून पाणीही कोमट असेल, असं धरून चालू नका. हवा २५ अंशांवर असताना पाणी १० अंशांवर असू शकतं. आणि पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असलं की पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. तोही गारठून नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

होतं असं, की कातडीला गारठा लागताच छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तो आपल्याला आवरता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुफ्फुसात जातं. मग धाप लागते, रक्तदाब चढतो. हा जोर एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ डोकं पाण्यावर ठेवायचं काम लाइफ जॅकेटचं.

१. जॅकेट अंगातच हवं. धापा टाकत, लाटांमध्ये बकल लावून बघायची वेळच येऊ देऊ नका. जॅकेट घातल्यावर सोबत्याला ते खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर पट्टे आवळा. मांड्यांमधला पट्टाही लावा. आपोआप फुगणारं असेल, तर गॅसचा सिलिंडर घट्ट बसलाय ना, हे दर वेळी बघा. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला नुसता आधार देतं. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची त्याच्याकडून अपेक्षा नको. त्यासाठी १५० न्यूटनचं घ्या.

२. कपडे पाणी बघून घाला, हवा बघून नव्हे. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ऊब धरणारा रबरी पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) उत्तम.

३. चालक पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी दोरी त्याने स्वतःला अडकवावी. शिट्टी जॅकेटला बांधलेली, वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ (मदत मागायचा, हातात मावणारा बिनतारी संच) अंगावर. बोटीत राहिलेला रेडिओ पाण्यातल्या माणसाच्या काय कामाचा?

४. पडलातच तर लगेच हातपाय मारू नका. मान मागे टाका, उताणे तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या. त्यानंतर बोटं धड चालतात ती साधारण दहा मिनिटं. तेवढ्यात शिट्टी वाजवा, बोटीवर चढा. बोट उलटली असली तरी तिला सोडू नका. जमेल तेवढं अंग पाण्याबाहेर काढा, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून घेतं.

५. वर काढलेल्या माणसाला शक्यतो आडवंच ठेवा. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात देऊ नका. तो बोलायला लागला तरी डॉक्टरांकडे न्याच.