गेमचे मॉड डाउनलोड करताना या चुका टाळा

अशोक चौकाच्या बाजूला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळकरी मुलांचे लॅपटॉप यायला लागतात आणि निम्म्या वेळा कारण एकच असतं, कुठल्यातरी साइटवरून घेतलेला मॉड, म्हणजे गेममध्ये नवी गाडी किंवा इतर बदल आणणारी, बाहेरच्या कुणीतरी बनवलेली फाइल. मागच्या मे महिन्यात नववीतला एक मुलगा वडिलांचा लॅपटॉप घेऊन आला. वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना. टॅली, बिलं, जीएसटीचा पासवर्ड, सगळं त्याच मशीनवर. रात्री मुलाने गेम खेळला आणि सकाळी त्याच्या इन्स्टाग्रामवरून ओळखीच्या सगळ्यांना ‘पैसे दुप्पट’चे मेसेज गेले होते.

“काका, मी फक्त लालपरी टाकली की ओ, दुसरं काहीच केलं नाही,” तो रडवेला होऊन सांगत होता.

खरंच त्याने दुसरं काही केलं नव्हतं. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये त्याला एसटीची लाल गाडी चालवायची होती. यूट्यूबच्या एका व्हिडिओखाली लिंक मिळाली. त्यातून पासवर्ड लावलेली आरएआर, म्हणजे झिपसारखी बांधलेली, फाइल आली. पासवर्ड १२३४, तो शेजारच्या मजकुरात दिलेला, आणि त्याच्याखाली सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर बस चालणार नाही. आतल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एससीएस’ दिसत होतं. मी विंडोजमधलं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, दाखवण्याचं सेटिंग चालू केलं, तर त्याच्याही पुढे ‘ईएक्सई’ निघालं, म्हणजे तो गाडी नसून प्रोग्रॅम होता. विंडोज मुळातच शेवटचं एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्याचाच फायदा घेतलेला.

पहिली चूक इथेच होते. आपल्या गेमचा मॉड कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये येतो, हेच मुलांना माहीत नसतं. या ट्रकच्या गेमचा मॉड एससीएस किंवा झिप असतो. तो डॉक्युमेंट्समधल्या ‘मॉड’ फोल्डरमध्ये ठेवायचा आणि गेमच्या मॉड मॅनेजरमधून चालू करायचा, बास. त्याला कुठलाही सेटअप चालवावा लागत नाही. मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेममध्ये आपली मुलं शिवशाही आणि लालपरी पळवतात. त्या गाडीच्या फाइलचं एक्स्टेन्शन ‘बसिडव्हेइकल’ असतं आणि गाडीचा रंग, म्हणजे लिव्हरी, हे साधं चित्र असतं. गाडीच्या नावाखाली एपीके, म्हणजे मोबाइलवर इन्स्टॉल होणारं ॲप, हातात पडली, तर ती गाडी नाही. इन्स्टॉल न करता तिथेच डिलीट करा.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मात्र जपून. तिथला मॉड जार फाइल असतो आणि जार हा पूर्ण प्रोग्रॅमच असतो. जीटीए ५ च्या एएसआय आणि डीएलएल फाइलींचंही तेच. इथे एक्स्टेन्शन बरोबर असलं तरी फाइल निर्धोक ठरत नाही, कुणी बनवली आणि कुठून आली ते बघावंच लागतं. २०१५ मध्ये जीटीए ५ च्या ‘अँग्री प्लेन्स’ नावाच्या मॉडमध्ये कीबोर्डवर काय टाइप होतं ते चोरणारा प्रोग्रॅम सापडला होता.

दुसरी चूक अँटिव्हायरस बंद करण्याची, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. काही चांगल्या मॉडनाही अँटिव्हायरस चुकून अडवतो, हे खरं आहे. पण तो निर्णय फाइल देणाऱ्याने सांगितला म्हणून आपण घ्यायचा नसतो. शंका आली तर फाइल व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर टाकून बघा, ६५० एमबीपर्यंतची चालते. पासवर्ड लावलेली फाइल मात्र अँटिव्हायरसला उघडून बघता येत नाही. पासवर्ड लावण्यामागे बहुतेक वेळा तोच हेतू असतो.

साइटबद्दल. स्टीम वर्कशॉप, नेक्सस मॉड्स, कर्सफोर्ज, मॉडरिंथ, किंवा मॉड बनवणाऱ्याचं स्वतःचं पान, यांच्यापलीकडे जायची गरज फारशी पडत नाही. मात्र तिथेही डोळे झाकून चालत नाही. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस सापडला. तो कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या जार फाइलींतही घुसायचा आणि लॉगिन चोरायचा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला ‘स्ले द स्पायर’ या गेमच्या ‘डाउनफॉल’ या मॉडच्या लेखकांची खाती हॅक झाली आणि स्टीमवरून काही वेळ बिघडवलेली फाइल गेली. अशा जागी निदान बोंब तरी होते, फाइल काढली जाते, लोकांना कळवलं जातं. टेलिग्रामच्या चॅनेलवर तुम्हाला कोण कळवणार? म्हणून नवा अपडेट आला की दोन-चार दिवस थांबा आणि खालच्या कॉमेंट वाचा.

मोबाइलचा धोका वेगळा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाल्यावर मुलांना बाहेरून एपीके घ्यायची सवय लागली, ती सुटलेली नाही. ‘अनलिमिटेड यूसी’वाला मॉड हा सरळ खोटा असतो, कारण यूसीचा, म्हणजे पबजीत विकत घ्यायच्या गेममधल्या पैशांचा, हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तुमच्या फोनमध्ये नसतो. गेमने एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि स्वतः बटणं दाबायची, परवानगी मागितली तर देऊ नका. त्याच फोनवर आईबाबांच्या बँकेचा ओटीपी येतो.

फाइल चालवून झाली असेल तर पुढची चूक ती नुसती डिलीट करून निवांत बसण्याची. आधी नेट बंद करा. पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला. पहिला ईमेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा, कारण हे चोर ब्राउझरमधल्या कुकीज नेतात आणि चालू लॉगिन पासवर्डशिवाय वापरतात. तिथे ओटीपीही अडवू शकत नाही. मग विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन चालवा आणि त्याच्या ‘एक्सक्लुजन्स’च्या, म्हणजे तपासू नये अशा फाइलींच्या, यादीत आपण न टाकलेलं काही आहे का ते बघा. त्या मुलाच्या लॅपटॉपवर अख्खा सी ड्राइव्हच त्या यादीत गेला होता. अशा वेळी मी विंडोज नव्याने टाकतो, साफसफाईवर विसंबत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता म्हणून त्यांचं काम दोन दिवसांत सुरू झालं. आता त्या लॅपटॉपवर दोन खाती आहेत. वडिलांचं पासवर्डचं, आणि मुलाचं साधं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. त्याच्या खात्यात काही शिरलंच, तरी वडिलांच्या ब्राउझरमधले पासवर्ड तिथून वाचता येत नाहीत. हे करायला दहा मिनिटं लागतात आणि तुम्ही घरच्या घरी करू शकता.