जास्वंद करपली? आधी कात्री लपवा

निफाड तालुक्यात राहायचं म्हणजे जानेवारीत एखाददुसरी सकाळ अशी उगवणारच, की अंगणातल्या दुर्वांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसते. द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्यांचा धूर येत असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार अंश सांगतात, पण तो तापमापक छातीच्या उंचीवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून जास्त गारठा असतो, आणि आपली वर्ष-दीड वर्षाची रोपं नेमकी तिथेच उभी असतात.

गोठलेल्या दवाने मारलेलं पान सकाळी उकडलेल्या पालकासारखं लिबलिबीत दिसतं आणि दोन-तीन दिवसांत काळं पडतं. ते पाहून हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. पहिल्याच वर्षी जास्वंदीची चार रोपं मी त्याच दुपारी गुडघ्याइतकी छाटली. पुढचा आठवडा उबदार गेला, तांबूस कोंब आले, मग परत थंडी पडली आणि कोंबांसकट तीन रोपं गेली. आता सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, कोठीत, धान्याच्या पिंपामागे ठेवते.

त्या सकाळी करायचं ते एवढंच: रोपाच्या पूर्वेला दोन काठ्या रोवून गोणपाट टांगा. गोठलेल्या पानावर कोवळं ऊन एकदम पडलं की नुकसान वाढतं. कुंड्या सरळ सावलीत न्या. आळं कोरडं असेल तर दहाच्या सुमारास विहिरीचं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब रात्रीसाठी जास्त धरून ठेवते. संध्याकाळी चार काठ्यांवर जुनी सुती साडी टाका, अगदी जमिनीपर्यंत, सकाळी काढा. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला तर तिथलं पान हमखास जातं. बुंध्याभोवती पाचट किंवा पालापाचोळा घाला, पण खोडाला चिकटवून नको.

काळी पानं तशीच राहू द्या. दिसायला वाईट, पण खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, तेवढाच आडोसा. युरिया अजिबात नाही. कोवळी फूट आली की थंडीला आयतं खाद्य.

तीन आठवडे थांबून नखाची परीक्षा घ्या. शेंड्यापासून वीत-वीत खाली येत साल हलकेच खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर म्हणजे जिवंत, तपकिरी आणि कोरडं म्हणजे गेलं. माझ्या उरलेल्या एका जास्वंदीत वरची दीड वीत गेली होती, खाली सगळं हिरवं. छाटणी मात्र महाशिवरात्रीनंतरच. थंडी तेव्हा ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, तोवर कशाला घाई? जिवंत डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्या. फूट दोन बोटं झाली की ओंजळभर कुजलेलं शेणखत.

कलमी गुलाबाचं तेवढं बघा: डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून आलेला फुटवा रानटी खुंटाचा, तो काढून टाका. मोगऱ्याची काळजी नको, तो थंडीत तसाही झोपलेला असतो.

आणि कढीपत्ता वरून पार वाळला तरी उपटू नका. आमचा मी गेला म्हणून सोडला होता. मार्चअखेरीस बुंध्यापासून हातभर लांब, धुण्याच्या दगडाशेजारी मुळातून उगवला. तिथेच आहे अजून.