रोज ५ मिनिटं, जमिनीवर बसून

माझा मुलगा ४ वर्षांचा होता तेव्हा संध्याकाळचे ६ वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. जेवणावरून रडारड, मोजे फेकणं, धाकटीला चिमटे. मी ओरडायचे, आणि तो झोपला की त्याच्या पायांवरून हात फिरवत रडायचे. तेव्हा न्यू जर्सीत आम्ही पीसीआयटी (पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, म्हणजे पालक आणि मुलाने एकत्र घ्यायची थेरपी) घेतली. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ती विकसित केली, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. आईबाबा मुलाशी खेळतात आणि थेरपिस्ट काचेपलीकडून बघत त्यांच्या कानातल्या इअरपीसमधून शिकवते. त्यातला रोजचा गृहपाठ घरी कसा करायचा, ते सांगते.

ठोकळे, भातुकली किंवा कागद-खडू घ्या. चेंडू, हारजितीचे खेळ, टीव्ही-मोबाइल नको. टायमर ५ मिनिटांचा लावा. खेळ मूल ठरवेल, तुम्ही त्याच्या मागे जायचं. तो जे करतोय ते बोलून दाखवा: "लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास." तो बोलला तर तेच परत म्हणा. त्याने गॅरेज बांधलं तर तुम्हीही बांधा. नुसतं "शाब्बास" पुरत नाही, कशाबद्दल ते सांगा: "ठोकळा मला दिलास, खूप आवडलं."

प्रश्न, हुकूम आणि टीका टाळा. यात प्रश्नच सगळ्यांत अवघड. आमच्या थेरपिस्टला मराठी येत नव्हतं, म्हणून घरचा खेळ मी रेकॉर्ड करून ऐकला. ५ मिनिटांत २३ प्रश्न! बहुतेक आपल्या "ना"चे. "हे घर आहे ना?" "छान झालं, हो ना?" मला ते कौतुक वाटत होतं, त्याला मात्र दर वेळी उत्तर द्यावं लागत होतं. "ना" गाळायला मला ३ आठवडे लागले. थेरपीतलं लक्ष्य असं: ५ मिनिटांत १० नेमकी कौतुकं, १० वर्णनं, १० वेळा त्याचं बोलणं परत म्हणणं, आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून ३ पेक्षा कमी. घरी आकड्यांमागे लागू नका. मी लागले होते, आणि पहिल्या आठवड्यात ताण उलट वाढला.

किरकिर सुरू झाली तर नजर खेळाकडे वळवा, तो शांत होताच लगेच बोला. मारलं किंवा खेळणं मोडलं तर त्या दिवसापुरता खेळ बंद. पण दिवसभर त्रास दिला म्हणून ही ५ मिनिटं कापू नका. ज्या दिवशी मला त्याचं तोंडही बघावंसं वाटत नव्हतं, त्याच दिवशी ती सगळ्यांत जास्त लागली, त्याला आणि मलाही.

पालकांचा ताण या थेरपीने कमी होतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. माझा झाला तेव्हा मुलगा मोजे फेकतच होता. फरक इतकाच, की दिवसात एक वेळ अशी होती जेव्हा मी त्याला सुधारत नव्हते, नुसती बघत होते. बघितल्यावर कळलं, ठोकळा ठेवताना तो श्वास रोखून धरतो.

हा खेळ म्हणजे थेरपीचा पहिला टप्पा. शिस्तीचा दुसरा टप्पा मात्र थेरपिस्टशिवाय करू नका. आणि झोप उडाली असेल, मुलावर हात उगारला जात असेल, तर आधी स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा.

सहाव्या आठवड्यात टायमर वाजला, तेव्हा त्याने माझ्या हातात निळा ठोकळा ठेवला आणि म्हणाला, "आई, तू हळू ठेवलंस, आवडलं मला."