उसाच्या पट्ट्यात पाच शेळ्या: कशा निवडायच्या, कशा टिकवायच्या

उसाचं बिल वर्षा-दीड वर्षानं येतं आणि त्यातलं बरंचसं सोसायटीच्या कर्जात वळतं होतं. मधल्या काळात खताला, शाळेच्या फीला विकता येईल असं दावणीला काहीतरी हवं. वीस-तीस गुंठ्यांवर दोन म्हशींचा चारा निघत नाही, पाच शेळ्यांचा निघतो.

सुरुवात पाचांनीच करा. जात उस्मानाबादी बरी, जुळी देते. गगनबावडा-राधानगरीच्या पावसात कोकण कन्याळ जास्त तग धरते. चार दाती, एकदा व्यालेली, दोन्ही सड सारखे असलेली शेळी निवडा. बाजारात पाणी पाजून पोट टम्म केलेली शेळी ‘गाभण’ म्हणून खपवतात. पोटावर जाऊ नका.

गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर पाच शेळ्यांची वर्षाला अकरा करडं. दोन-तीन मरतूक धरूनच हिशेब मांडा. बोकड दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच पाटी (मादी करडं) त्याला लागतात आणि करडं खुरटतात.

आपल्याकडे शेळ्या जातात त्या ओलीनं. जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर लाकडी पट्ट्यांचा माच करा. फटी अर्धा इंच. लेंडी खाली पडावी, करडाचा पाय अडकू नये. मोठ्या शेळीला दहा चौरस फूट जागा. जून आला की चारी बाजूंनी ताडपत्री लावून गोठा बंद करतात, ही घोडचूक. मुताचा वायू आत कोंडतो आणि न्यूमोनिया होतो. पावसाची बाजू झाका, आढ्याखाली हातभर मोकळं सोडा.

तोडीच्या हंगामात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं, म्हणून शेळ्या त्यावरच ठेवल्या जातात. वाड्यात प्रथिनं कमी, शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. व्यालेली शेळी आटते, करडं उपाशी. एका शेळीला रोजचा तीन-चार किलो हिरवा चारा लागतो, त्यात वाडं निम्म्याच्या आत ठेवा. बाकी बांधावरची शेवरी, हादगा, सुबाभूळ. सुबाभूळ एक तृतीयांशाच्या वर गेली तर केस गळतात. जोडीला किलोभर भुईमुगाचा वाळलेला पाला किंवा सोयाबीनचा भुसा. शेवटच्या दीड महिन्यात गाभणीला रोज पाव किलो भरड-पेंड.

करडू जन्मलं की नाळेला आयोडीन लावा आणि तासाभरात चीक (व्यायल्यानंतरचं पहिलं दूध) पाजा. झार (वार) पडायची वाट बघू नका.

आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस मे महिन्यातच टोचून घ्या. कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट करडूच आधी दगावतं. पीपीआरची (शेळ्यांचा प्लेग) लस तीन वर्षांतून एकदा. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर, वजन करून. अंदाजे कमी डोस दिला की जंत मरत नाहीत, सरावतात.

बोकड नगावर नको, काट्यावर विका. बकरी ईदला बोकड वर्षाचा पूर्ण आणि बिनखोडीचा लागतो, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणून शेळी ईदच्या अठरा महिने आधी लावा.