टर्कीचा खिमा पाणी सोडतो आणि माणसं धीर सोडतात: या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत टर्की बहुतेक वेळा एकाच वाटेने येते. डॉक्टर कोलेस्टेरॉलचा विषय काढतो, बोकडाचं मटण महिन्यातून एकदावर येतं, आणि मग सुपरमार्केटमधून टर्कीच्या खिम्याचा एक पौंडाचा (साधारण अर्धा किलोचा) ट्रे घरी आणला जातो. पहिल्या दिवशी तो थेट मटणाच्या खिम्यासारखा शिजवला जातो. मुलं दोन घास खाऊन दही-भात मागतात, आणि ‘टर्कीला चवच नसते’ असा निकाल लागतो. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. टर्कीला चव असते. आपण ती उकळून घालवतो.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या, अख्ख्या पक्ष्याबद्दल मी इथे बोलत नाहीये. तो बारा-पंधरा पौंडांचा पक्षी अमेरिकन लोकांनाही घाम फोडतो. बटरबॉल कंपनी १९८१ पासून टर्कीसाठी फोनवर मदत देत आली आहे, यावरून काय ते समजा. आपला विषय मंगळवार संध्याकाळचा आहे. सहाला घरी, सातला पानं, आणि मध्ये मुलांचा गृहपाठ. त्यासाठी लागतात तीन गोष्टी: खिमा, छातीचे काप आणि मांड्या. तिघांची तऱ्हा वेगळी, आणि तिघांनाही एकाच मापाने मोजणं ही सगळ्या चुकांची आई.

खिमा कढईत उकळणे

माझा भाचा जर्सी सिटीत नोकरीला लागला. हुशार मुलगा, पण स्वयंपाकात घाई फार. एका शनिवारी त्याने मित्रांना जेवायला बोलावलं आणि स्वस्त पडतं म्हणून तीन पौंडांचा टर्कीचा खिमा आणला. यूट्यूबवर ‘१५ मिनिटांत खिमा पाव’ बघितलेला होताच. छोटी नॉनस्टिक कढई, त्यात कांदा, कांदा गुलाबी व्हायच्या आत आलं-लसूण, त्यावर टोमॅटो, आणि त्यावर तीनही पौंड खिमा एकदम. सहाच्या सुमाराला त्याचा फोन आला.

“मावशी, कढईत पाणी आलंय. मी घातलं नाहीये.”

“किती आलंय?”

“खिमा बुडालाय.”

व्हिडिओ कॉलवर बघितलं तर राखाडी पाण्यात राखाडी गोळ्या तरंगत होत्या. त्याने गॅस मोठा केला, झाकण ठेवलं, मग झाकणाखाली आणखी पाणी झालं म्हणून मसाला दुप्पट घातला. पाणी आटायला पाऊण तास गेला. तोवर खिम्याचे रबरी दाणे झाले होते आणि करपलेल्या मसाल्याच्या धुराने वरचा स्मोक अलार्म वाजायला लागला होता. एक मित्र खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालत होता, दुसऱ्याने पिझ्झा मागवला. पाव मात्र लोणी लावून संपले.

आता यात झालं काय ते बघा. टर्कीच्या मांसात पाणी भरपूर आणि चरबी कमी. मांसाला खमंग तपकिरी रंग यायला त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० च्या पुढे सरकत नाही. म्हणजे जोवर पाणी, तोवर खिमा फक्त उकडणार. मटणाच्या खिम्यात हे खपून जातं, कारण त्याची स्वतःची चरबी सुटते आणि शेवटी तो त्याच चरबीत परतला जातो. टर्कीकडे तेवढी पुंजीच नाही.

माझी पद्धत उलटी आहे. खिमा आधी, कांदा नंतर. बिडाची मोठी कढई किंवा तवा मध्यम-मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं कोरडा तापवायचा. ट्रेमधला खिमा पेपर टॉवेलने वरखाली टिपून घ्यायचा. दोन चमचे तेल, आणि मग एका पौंडाचे तीन-चार मोठे चपटे तुकडे करून ठेवायचे आणि हात मागे बांधून उभं राहायचं. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही. उलथनं हातात घेतलं की माणसाला राहवत नाही, म्हणून मी ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. खालची बाजू खरपूस झाली की तुकडे आपोआप सुटतात. उलटायचे, दुसरी बाजू दोन मिनिटं, मग ताटलीत काढायचे. आतून ते कच्चे असतात, असू देत, पुढे शिजायचेच आहेत.

त्याच कढईत आणखी चमचाभर तेल, बारीक कांदा, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, मग टोमॅटो. टोमॅटोच्या पाण्याने तळाला चिकटलेलं खरवडून घ्यायचं, सगळी चव तिथे आहे. तेल सुटलं की तुकडे परत आत, आता उलथन्याने फोडायचे, आणि झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं शिजवायचे. वरून कोथिंबीर, लिंबू. सगळं धरून पंचवीस मिनिटं होतात. तीन पौंड करायचे असतील तर खरपूस करण्याचं काम तीन खेपांत. एका खेपेत होत नाही, आणि होतं असं सांगणाऱ्याच्या घरी मी जेवायला जाणार नाही.

एक युक्ती मात्र मी मानते. पाव चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून एक पौंड खिम्याला चोळायचा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. तेवढ्यात कांदा चिरून होतो. सोड्यामुळे मांस पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर येतो. पाव म्हणजे पावच. अर्धा घातलात तर साबणाची चव येईल.

आणि खिमा घेताना ट्रेवरचा आकडा वाचा. ९९ टक्के ‘लीन’ (म्हणजे चरबीविरहित) लिहिलेला फक्त छातीचा असतो. तो पथ्याचा आहे, जेवणाचा नाही. ९३ टक्क्यांचा रोजच्यासाठी ठीक. कबाब किंवा कोफ्ते करायचे तर ८५ चा शोधा, नाहीतर ९३ च्या खिम्यात दुधात भिजवलेला ब्रेडचा एक स्लाइस कुस्करा.

छातीचा तुकडा रंग बघून शिजवणे

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण ती करणारी माणसं काळजीवाहू असतात. कोंबडी कच्ची राहिली तर पोट बिघडेल, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं. म्हणून टर्कीची छाती ‘जरा जास्तच’ शिजवायची. सुरीने चीर पाडून बघायचं, गुलाबी दिसलं की आणखी पाच मिनिटं, पुन्हा चीर, पुन्हा पाच मिनिटं. माझी एक शेजारीण एका तुकड्याला इतक्या चिरा पाडते की त्याचा रस तव्यावर आणि तुकडा कोरडा ठणठणीत. मग ती वर ग्रेव्ही ओतते.

रंगावर भरवसा ठेवता येत नाही. टर्की पूर्ण शिजल्यावरही कधीकधी गुलाबी राहते, आणि कधी पांढरी दिसूनही आत पुरेशी तापलेली नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने पोल्ट्रीसाठी ठरवलेली मर्यादा १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. ती मोजायला पंधरा-वीस डॉलरचा खुपसायचा थर्मामीटर मिळतो. घरात एअर फ्रायर, इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) आणि कॉफीचं यंत्र आहे पण थर्मामीटर नाही, अशी स्वयंपाकघरं मला कळत नाहीत. खुपसताना वरून नको, बाजूने, जाड भागाच्या मध्यापर्यंत. वरून घातला तर टोक आरपार तव्याला टेकतं आणि आकडा खोटा येतो.

मी ‘टेंडरलॉइन’ म्हणून मिळणारे लांबट तुकडे घेते. त्यांच्यातून एक पांढरी चिवट शीर जाते, ती आधी ओढून काढायची. मग एक सेंटीमीटर जाडीचे आडवे काप, तळव्याने किंचित दाबून. मीठ, लसूण, मिरपूड, चमचाभर घट्ट दही, मालवणी मसाला. गरम तव्यावर एका बाजूने दोन-अडीच मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन. पातळ काप तव्यावरच १६५ ला न्यायचा. टेंडरलॉइन अख्खं ओव्हनमध्ये ठेवलं असेल तर मी १६० ला काढून फॉइलखाली झाकते. आतली उष्णता सरकत राहते आणि पाच-सात मिनिटांत आकडा वर जातो. १६५ दिसल्याशिवाय मात्र कापायचं नाही. त्या पाच मिनिटांत कोशिंबीर होते. थांबायला नको म्हणून लगेच कापणाऱ्यांनी निदान ताटातला रस वाया गेला अशी तक्रार करू नये.

मांडीला घाई, छातीला कुकर

टर्कीची मांडी मिळाली तर सोडू नका. नोव्हेंबरच्या आसपास सहज मिळते, एरवी शोधावी लागते, म्हणून मी फ्रीझर भरून ठेवते. मांडीचं मांस चिवट आणि चवदार, त्याला १६५ पुरत नाही. सुरक्षित होतं, पण चावायला लागतं. ते १८० च्या आसपास गेलं की मऊ पडतं. इन्स्टंट पॉटमध्ये हाडासकट मांडी साधारण अर्धा तास, वाफ आपोआप जिरू द्यायची. खोबरं-कांद्याचं भाजलेलं वाटण घातलं की मटणाच्या रश्श्याची तहान बऱ्यापैकी भागते. मांडी आधी कोरडी परता, वाटण वाफ जिरल्यावर घाला. आधी घातलेलं जाड वाटण तळाला बसतं आणि यंत्र ‘बर्न’ दाखवून बंद पडतं.

छाती कुकरमध्ये घालू नका. शिट्ट्या किती, हा प्रश्नच नको.

आणखी थोडं, घाईघाईत

धुणे. आपल्याकडे मटण हळद लावून धुतलं जातं, ते उघड्यावरच्या दुकानातून यायचं म्हणून. ट्रेमधली टर्की धुतली तर जंतू निघत नाहीत, सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. टिपून घ्या, बस.

पपई. एका मांडीला चमचाभर कच्च्या पपईचा कीस अर्धा तास चालेल. छातीला रात्रभर लावलात तर सकाळी वरचा थर पिठूळ होतो.

मीठ. पाकिटावर बारीक अक्षरात मीठपाणी टोचल्याचं लिहिलेलं असतं. ते न वाचता नेहमीचं मीठ घालायचं आणि मग बटाटा घालून सावरायचं, हा उद्योग मी बघितलाय. स्मोक्ड टर्कीच्या तंगड्यांचंही तेच, मसूर आमटीत एक घातली तर आमटीला वेगळं मीठ शेवटी, चव बघूनच.

गोठलेला ट्रे ओट्यावर दिवसभर ठेवणे. नको. गरम पाण्यातही नको. पिशवी बंद करून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत. एका पौंडाला तासभर लागतो. मी खिमा आणल्या दिवशीच झिपच्या पिशवीत लाटून पोळीसारखा सपाट गोठवते, तो त्याहून बराच लवकर सुटतो. घाई असणाऱ्यांनी घाई इथे करावी, रविवारी.

गरम मसाला सुरुवातीला तेलात जाळणे. हे टर्कीचं नाही, सगळ्याचंच.

उरलेली भाजकी टर्की. थँक्सगिव्हिंगच्या शुक्रवारी मराठी घरांत तिची ‘करी’ होते आणि ती अर्धा तास खदखदवली जाते. अहो, ती कालच शिजली आहे. रस्सा आधी पूर्ण करा, मांसाचे तुकडे शेवटी घाला आणि चांगले गरम होतील इतकंच ठेवा. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. टेबलावर रात्री उशिरापर्यंत गप्पांबरोबर पडून राहिलेलं मी तरी खात नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

सांगाडा फेकू नका. मोठ्या पातेल्यात आलं, लसूण, मिरी आणि तमालपत्र घालून दोन-अडीच तास मंद उकळा, गाळा, डबे भरून गोठवा. डिसेंबरातल्या एखाद्या थंड संध्याकाळी एक डबा काढायचा. काजू, खसखस आणि पांढरे तीळ वाटून घालायचे, नारळाचं दूध, तुपात लवंग-दालचिनी-हिरवी मिरची. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, फुटतं. वीस मिनिटांत कोल्हापुरी पांढरा रस्सा होतो. त्याच्यासोबत वर सांगितलेला सुका खिमा आणि भाकरी ठेवा.