स्पिंडल वेगवान, हँडल मात्र हाताचं

माझ्या छोट्या मिलिंग मशीनचा वेग 2500 आरपीएमच्या वर जात नाही. 10 मिमीच्या कटरला तेवढा पुरतो. पण 1 मिमीच्या एंडमिलने (टोकाने आणि बाजूनेही कापणाऱ्या कटरने) पितळेत बारीक खाचा मारायला गेलो आणि एका संध्याकाळी तीन कटर मोडले. त्या वेगाला, प्रत्येक दाताने फेऱ्याला 0.005 मिमी कापायचं धरलं, तर दोन दातांचा कटर मिनिटाला फक्त 25 मिमी पुढे न्यायचा असतो. हँडलच्या एका फेऱ्याला टेबल 2 मिमी सरकतं, म्हणजे फेऱ्याला जवळपास पाच सेकंद. माझा हात त्याहून घाईचा होता.

म्हणून 800 वॉटचा, 24000 आरपीएमचा एअर-कूल्ड स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरवणारी वेगवान मोटर, घेतला. ॲल्युमिनियमचा ठोकळा बोअर करून, एका बाजूला चीर देऊन ब्रॅकेट केला आणि मूळ स्पिंडलशेजारी क्विलवर (स्पिंडल धरून वर-खाली सरकणाऱ्या नळीवर) बसवला. बोल्ट जीव खाऊन आवळला, तर स्पिंडल थोड्याच वेळात चटका बसेल इतका तापला. बाहेरचं नळकांडं दाबलं गेलं की आतल्या बेअरिंगवर ताण येतो. शाफ्ट हाताने फिरवत बोल्ट आवळा. जडपणा जाणवला, की लगेच जरा सैल करा.

ड्राइव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या पेटीला, वायर जोडण्याआधी मोटरवरची पाटी वाचाच. माझ्या मोटरला पूर्ण वेगासाठी 400 हर्ट्झ लागतात आणि ड्राइव्हमध्ये बेस फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) 50 ठेवलेली होती. तसंच चालू केलं असतं तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज जाऊन वाइंडिंग जळलं असतं. स्पिंडलच्या बॉडीला अर्थिंग हवंच. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा झाकण लगेच उघडू नका.

आता पूर्ण वेगावर उलटाच त्रास झाला. दाताला तेच 0.005 मिमी धरलं तरी मिनिटाला 240 मिमी फीड (टेबल सरकण्याचा वेग) हवा, म्हणजे हँडलचे 120 फेरे. एवढं एकसारखं हाताने फिरत नाही. धार कापायचं सोडून घासत राहते आणि बोथट होते. 12000 वर आणलं, तेव्हा सेकंदाला एक फेरा झाला. हे हाताला जमतं, लय सापडते. हातचाकाचं मशीन असेल, तर वेग असा फीडवरून ठरवा.

इतक्या पातळ कापाला कोलेटमधला (कटर घट्ट धरणाऱ्या चिरा दिलेल्या बाहीतला) 0.02 मिमीचा रनआऊटसुद्धा, म्हणजे कटर मध्यापासून सरकून फिरणंसुद्धा, जड जातो, कारण सगळं काम एकाच दातावर पडतं. कोलेट आणि नट पुसून घ्या. कोलेट आधी नटमध्ये खट्‌कन बसवा, मगच नट स्पिंडलवर चढवा. काम सुरू करण्याआधी मूळ मोटरचा प्लग काढून ठेवा आणि चष्मा घाला.